रक्तात मिर-२१ वाढलाय, आता काय करू?

या वेळी मायक्रोआरएनएवर इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. मायक्रोआरएनए म्हणजे आपल्या पेशींतले आरएनएचे इवले तुकडे, जनुकांचं काम कमी-जास्त करणारे; ‘मिर-२१’ हे त्यांच्यापैकी एकाचं नाव. पहिलं पत्र वाचून मला राग आला. तो पत्र लिहिणाऱ्या ताईंवर नाही, त्यांना या फेऱ्यात अडकवणाऱ्यांवर आहे. म्हणून सगळ्यांत जास्त जागा त्या पत्राला.

प्रश्न : माझं वय ४३. आईला ५८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि त्यातच ती गेली. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर होतं. एका ट्यूब रक्तावरून कर्करोगाची आगाऊ सूचना मिळते असं सांगून त्यांनी मायक्रोआरएनएची चाचणी केली. साडेसहा हजार रुपये भरले. मोबाइलवर रिपोर्ट आला, ‘मिर-२१ वाढलेला, जोखीम उच्च’. आता म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा करा. माझ्या हाताला कुठेही गाठ लागत नाही. मिस्टर म्हणतात, दुर्लक्ष कर. मला रात्र रात्र झोप नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, या रिपोर्टवरून तुम्हाला कर्करोग आहे असं ठरत नाही. पुढे होईल असंही ठरत नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी एवढं नक्की मनात धरा.

मिर-२१ हा मायक्रोआरएनए स्तन, फुप्फुस, मोठं आतडं, स्वादुपिंड अशा कितीतरी अवयवांच्या कर्करोगात वाढलेला आढळतो, हे खरं आहे. म्हणूनच तो अशा पॅकेजमध्ये हमखास असतो. पण हृदयाच्या आजारात, मूत्रपिंडाची जाळी निबर होत जाते तेव्हा, आणि जुनाट सूज असतानाही तो वाढतो. रक्तातला आकडा शरीराच्या कुठल्या कोपऱ्यातून आला, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय मिर-२१ इथपर्यंत असला तर ठीक आणि त्यापुढे धोका, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेषाच अजून आखली गेलेली नाही. मग तुमचा ‘उच्च’ कुणाच्या तुलनेत? रिपोर्टवर हे लिहिलेलं नसेल, तर त्या शब्दाला काही अर्थ नाही.

आता रक्ताच्या हाताळणीचं बोलू. माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेलं, त्यामुळे या मुद्द्यावर मला गप्प बसवत नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर स्वच्छ पिवळसर प्लाझ्मा दिसायला हवा. त्यावर गुलाबी झाक आली की समजायचं, तांबड्या पेशी फुटल्या. या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. रक्तातल्या चपट्या पेशींचेही (प्लेटलेट) स्वतःचे मायक्रोआरएनए असतात. सुई नीट लागली नाही, ट्यूब जोरात हलवली, ती उन्हात गाडीच्या डिकीत पडून राहिली किंवा प्लाझ्मा वेगळा करायला दुसरा दिवस उजाडला, तर आकडे बदलतात, आणि त्यात आजाराचा काहीही संबंध नसतो. काळजीपूर्वक काम करणाऱ्या लॅब मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं प्रमाण तपासतात आणि खराब नमुना बाजूला काढतात. शिबिराच्या मांडवात घेतलेलं तुमचं रक्त किती तासांत फिरवलं, हे त्यांना विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

थोडा हिशेबही करू. समजा, ही चाचणी आज आहे त्याहून खूपच चांगली झाली. शंभरातले नव्वद कर्करोग ती पकडते आणि शंभर निरोगी बायकांपैकी फक्त पाच जणींना उगाच ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. ठणठणीत दिसणाऱ्या १०,००० बायकांची तपासणी केली आणि त्यांच्यापैकी १० जणींना खरोखर कर्करोग असला, तर चाचणी ९ जणींना शोधेल. पण सुमारे ५०० निरोगी बायका घाबरून घरी जातील. आणि गाठ कुठे शोधायची, हे त्या ९ जणींनाही कुणी सांगणार नाही.

मिस्टरांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. दुर्लक्ष त्या कागदाकडे करा, स्वतःकडे नाही. एखाद्या सर्जनकडून स्तनांची हातानं तपासणी करून घ्या आणि डिजिटल मॅमोग्राफी करा. तुमच्या वयात स्तनाचा पोत बऱ्याचदा दाट असतो, त्यामुळे डॉक्टर सोबत सोनोग्राफीही सांगतील. आणि मावशीला, आत्याला फोन करून विचारा : आईकडे किंवा वडिलांकडे पन्नाशीच्या आत कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का? अंडाशयाचा कुणाला? एखाद्या पुरुषाला स्तनाचा? यातल्या एकालाही ‘हो’ असं उत्तर आलं, तर जनुकीय सल्लागाराला भेटा. मग बीआरसीएची, म्हणजे ज्यांतल्या बिघाडामुळे स्तनाचा-अंडाशयाचा कर्करोग घराण्यात उतरतो त्या जनुकांची, तपासणी करावी की नाही ते ठरेल. ती डीएनएची चाचणी आहे आणि तिच्या निकालावर पुढचे उपचार खरोखर बदलतात.

मॅमोग्राफीला गेलाच आहात तर गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणीही करून घ्या. तिथला कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो ही चाचणी शोधते. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, सव्वा लाखाहून अधिक बायकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. आयुष्यात एकदा केलेल्या या चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू पुढच्या आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच मातीतल्या बायकांनी दिलेला हा पुरावा आहे, आणि तरीही शिबिरांच्या फ्लेक्सवर त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच चाचणी? नको.

प्रश्न : मी बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएला मिळालं, पण शोध लागला तो एका अळीत. ती अळी आणि माणसाचा कर्करोग यांचा संबंध नेमका कसा जुळला? पुस्तकात दोनच ओळी आहेत. — लातूर

उत्तर : तुझ्या पुस्तकानं ज्या दोन ओळींत हे उरकलं, त्यामागे नऊ वर्षांची फार देखणी गोष्ट आहे.

व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रवकुन, दोघंही एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवर, म्हणजे तू म्हणतोस त्या अळीवर, काम करत होते. या कृमीच्या वाढीचे टप्पे ठरलेले असतात. लिन-४ नावाचं जनुक बिघडलं की ती त्याच त्या टप्प्यात अडकून राहते. अ‍ॅम्ब्रोस यांच्या लॅबनं लिन-४चा माग काढला. त्या जनुकातून प्रथिन तयारच होत नव्हतं, होत होता फक्त २२ अक्षरांचा आरएनए. तिकडे रवकुन यांच्याकडे लिन-१४ हे जनुक होतं. दोघांनी क्रम शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की लिन-४चा तुकडा लिन-१४च्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या) शेपटीशी जुळतो, त्याला चिकटतो आणि प्रथिन तयार होऊ देत नाही. १९९३ मध्ये दोन्ही लेख एकाच अंकात आले. पुढची सात वर्षं जगाला वाटलं, ही त्या कृमीचीच खासियत. मग २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो माशांपासून माणसापर्यंत जवळपास जसाच्या तसा निघाला. तिथून सगळ्यांचे डोळे उघडले.

मायक्रोआरएनए काय करतो हे शेताच्या भाषेत सांगते, लातूरचा आहेस म्हणून. पाटाला पाणी सुटलं की दारं धरणारा माणूस एका वाफ्याचं पाणी पूर्ण तोडत नाही. इथं थोडी माती ओढतो, तिथं थोडी सरकवतो, आणि बऱ्याच वाफ्यांचं पाणी थोडंथोडं कमी-जास्त होतं. मायक्रोआरएनए असाच एकाच वेळी शेकडो जनुकांच्या संदेशांवर हलका हात ठेवतो. म्हणूनच तो बिघडला की नुकसान कुठल्या एका जागी शोधून सापडत नाही.

आणि कर्करोग? सीएलएल नावाचा रक्ताचा एक कर्करोग आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथं कर्करोग रोखणारं जनुक असणार म्हणून वर्षानुवर्षं शोध चालला, पण प्रथिन बनवणारं योग्य जनुक काही हाती लागेना. २००२ मध्ये फिलाडेल्फियातले कार्लो क्रोचे, जॉर्ज कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या तुकड्यात मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही दोन मायक्रोआरएनए जनुकं आहेत, आणि बहुतेक रुग्णांत ती एकतर गायब आहेत किंवा मंदावली आहेत. २००५ मध्ये त्यांचं कामही कळलं. ही जोडी बीसीएल-२ या प्रथिनाला लगाम घालते. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. लगाम सुटला की जिची वेळ संपली आहे अशी पेशी जगत राहते, साठत राहते. लोक जिथं प्रथिन शोधत बसले होते तिथं २२ अक्षरं होती, आणि हे ज्यांना दिसलं ते कृमीवरचे लेख वाचलेले होते. शिक्षकांना सांग, हे वर्गात शिकवा.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६७) सीएलएल आहे. पांढऱ्या पेशी ४८ हजार. डॉक्टर म्हणतात, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा. फिश रिपोर्टवर (गुणसूत्रांची तपासणी) ‘१३क्यू डिलीशन’ आहे, म्हणजे १३व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला. वाचलं की तिथले दोन मायक्रोआरएनए गेलेले असतात. ते बाहेरून इंजेक्शननं देता येत नाहीत का? औषध न देता नुसतं बसून राहणं जिवावर येतं. — चिपळूण

उत्तर : तुमच्या मनाची घालमेल कळते. कर्करोग म्हणायचं आणि औषध द्यायचं नाही, हे घरच्यांना पटत नाही. पण तुमचे डॉक्टर बरोबर करत आहेत. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून सीएलएलवर उपचार सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरू लागले, गाठी किंवा प्लीहा फार वाढली, वजन उतरलं, रात्री दरदरून घाम फुटू लागला, पेशींची संख्या झपाट्यानं दुप्पट झाली, तर उपचार सुरू करतात. अशी लक्षणं नसलेल्या रुग्णाला लवकर केमोथेरपी दिल्यानं आयुष्य वाढत नाही, हे जुन्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

त्या रिपोर्टमधली चांगली बातमी बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. सीएलएलमध्ये दुसरा कुठलाही बिघाड नसून एकटं १३क्यू डिलीशन असेल, तर ते सगळ्यांत सौम्य गटात मोडतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जर्मन अभ्यासात या गटाचं मध्यम आयुर्मान १३३ महिने होतं. १७पी डिलीशन, म्हणजे १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला, असलेल्यांचं ३२. तेही आजची औषधं यायच्या आधी. त्यामुळे डॉक्टरांना हे विचारा : १७पी आणि तिथलं कर्करोग रोखणारं टीपी-५३ हे जनुक ठीक आहेत ना? आणि आजार किती वेगानं वाढेल याचा अंदाज देणारं आयजीएचव्ही हे जनुक तपासायचं का?

आता इंजेक्शनचं. कल्पना तुमचीच नाही, मोठमोठ्या लोकांनी करून पाहिली. मिर-३४ए हा कर्करोग रोखणारा मायक्रोआरएनए चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून द्यायची चाचणी अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झाली. यकृताच्या आणि इतर कर्करोगांच्या रुग्णांना तो दिला. काहींच्या गाठी आक्रसल्यादेखील. पण काही रुग्णांत प्रतिकारशक्ती अशी भडकली की मृत्यू झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगात मिर-१६सारखा रेणू जीवाणूंपासून बनवलेल्या पोकळ कवचांत भरून दिला. २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. एका रुग्णाची गाठ ठळकपणे आटली, बऱ्याच जणांचा आजार काही काळ स्थिर राहिला. अडचण दोन ठिकाणी आहे. हा रेणू नेमक्या गाठीपर्यंत पोचवणं फार कठीण. आणि जो शेकडो जनुकांवर हात ठेवतो, तो शरीरभर सोडला की त्याचे परिणाम आधी सांगता येत नाहीत. एकाच जनुकाला लक्ष्य करणारी याच जातीतली सायआरएनए औषधं मात्र २०१८पासून बाजारात आली, कारण त्यांचं काम एकाच जागी आणि बहुतेक यकृतात असतं. ती कर्करोगाची नाहीत.

पण तुमच्या वडिलांच्या आजारात त्या दोन मायक्रोआरएनएचं काम दुसऱ्या वाटेनं करणारं औषध आजच आहे. व्हेनेटोक्लॅक्स. सुटलेल्या बीसीएल-२ला ते थेट पकडतं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते तोंडानं घ्यायचं असतं. पेशी एकदम फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून डोस दर आठवड्याला वाढवत नेतात : २०, ५०, १००, २०० आणि मग ४०० मिलिग्रॅम. उपचाराची वेळ आली तर हे पर्यायांत असेल. तोपर्यंत मुंबईला एकदा रक्तविकारतज्ज्ञांचं दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण घाईनं नव्हे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारून आत्ताच द्या. या आजारात संसर्ग जास्त त्रास देतो.

प्रश्न : वय २६, पुण्यात नोकरी. अंघोळ करताना उजव्या वृषणात वाटाण्याएवढा कडक गोळा लागतो. दुखत नाही. दोन महिने झाले, घरी बोललो नाही. रक्ताच्या मायक्रोआरएनए चाचणीनं डॉक्टरकडे न जाता समजू शकेल का?

उत्तर : मित्रा, हे छापून येण्याची वाट पाहू नये म्हणून तुला वेगळं पत्र आधीच पाठवलं आहे. तुझ्यासारखे आणखी वाचक असतील, त्यांच्यासाठी इथे लिहिते.

तू ज्या चाचणीविषयी विचारतोस, ती या सगळ्या विषयातली सगळ्यांत सच्ची चाचणी आहे. मिर-३७१ए-३पी हा मायक्रोआरएनए गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींत चालू असतो. प्रौढ पुरुषाच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. वृषणातल्या जननपेशींचा कर्करोग झाला की तो पुन्हा उसळतो. म्हणूनच तो वाढला तर आलेला कुठून, हे कोडं उरत नाही. २०१९ मध्ये आलेल्या, सहाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात त्यानं ९० टक्के रुग्ण पकडले आणि निरोगी पुरुषांपैकी ९४ टक्क्यांना बरोबर निरोगी म्हटलं. नेहमीच्या एएफपी आणि बीटा-एचसीजी या चाचण्या याच्या जवळपासही येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर तो काही तासांत झपाट्यानं उतरतो, त्यामुळे आजार उरला आहे का हे पाहायला त्याचा मोठा उपयोग होईल असं दिसतं. टेराटोमा नावाचा एक प्रकार मात्र त्याला दिसत नाही.

पण एवढी चांगली चाचणीही तुला डॉक्टरांपासून सोडवत नाही. ती बहुतेक ठिकाणी रोजच्या वापरात आलेली नाही, आणि आली तरी गोळा हाताला लागल्यावर पहिलं काम सोनोग्राफीच. याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे जा. काहीच निघालं नाही तर उत्तम. कर्करोग निघाला तर वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात. तिथं बाहेरून सुई टोचून तुकडा घेऊ द्यायचा नाही, हे लक्षात ठेव. शस्त्रक्रियेआधी शुक्राणू साठवण्याबद्दल विचार. तुझ्या वयात लवकर सापडलेला हा कर्करोग ९५ टक्क्यांहून अधिक जणांत पूर्ण बरा होतो. पसरलेलाही बऱ्याचदा बरा होतो. लाजेत गेलेले महिने तेवढे परत येत नाहीत. वडिलांना सांगायला संकोच वाटत असेल तर मित्राला सोबत घे.

प्रश्न : भाज्यांतले मायक्रोआरएनए कर्करोग रोखतात म्हणून एक हिरवी पूड मिळते. घ्यावी का? — नाशिक

उत्तर : नका घेऊ. भातातला एक मायक्रोआरएनए खाणाऱ्याच्या रक्तात पोचतो, असा लेख चीनमधून २०११ मध्ये आला होता. इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. भाजी खा, भाजीच्या पैशात.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात शाळेत शिक्षक आहे. आठवी-नववीची मुलं खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खातात. दोन पालकांना तोंडाचा कर्करोग झाला. लाळेतल्या मायक्रोआरएनएवरून तोंडाचा कर्करोग कळतो असं वाचलं. असं शिबिर शाळेत घेता येईल का?

उत्तर : सर, लाळेवर काम झालं आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत मिर-१२५ए आणि मिर-२००ए कमी असतात. पण तुमच्या गावासाठी ते आत्ता कामाचं नाही. लाळ गोठवून ठेवायची, आरएनए वेगळा काढायचा, पीसीआर करायचं, आणि इतकं करून शेवटी तोंडात पाहायचंच. तोंड हा असा अवयव आहे जो उघडून दिसतो.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड पाहिलं. २००५ मध्ये निकाल आले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. उजेड आणि शिकलेली नजर, यापलीकडे त्यात यंत्र नव्हतं.

तेव्हा शिबिर घ्याच, फक्त वेगळं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या दंतवैद्यांना किंवा डॉक्टरांना बोलवा. मुलांबरोबर पालकांनाही बोलवा, कारण खर्रा घरातूनच येतो. प्रत्येकाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि स्वतःची तीन बोटं उभी घालायला लावा. जात नसतील तर तोंडाची त्वचा आखडू लागली आहे. गालांच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि खालच्या ओठामागे, जिथं खर्रा धरून ठेवतात, तिथं पाहा. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल चट्टा, आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम, ज्याला यातलं काहीही दिसेल त्याचं नाव लिहून घ्या. त्याला जिल्हा रुग्णालयात धाडा आणि तो खरंच पोचला का, हे पंधरा दिवसांनी घरी जाऊन बघा. शिबिरं या शेवटच्या पायरीवर पडतात. मुलांपैकी कुणाचं तोंड आखडायला लागलेलं दिसलं, तर मला कळवा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कुणाला भेटायचं ते मी विचारून सांगते.